उतरंडीतले शिवार

मार्गशीर्ष सरता सरता बुलडाणा जिल्ह्यात हरभऱ्याच्या वावरात बाया खुडणीला उतरतात. महिनाभराचे, वीतभर उंचीचे झाड असते. त्याचे कोवळे शेंडे नखाने खुडायचे आणि ओच्यात टाकायचे. फुलावर येण्याआधी शेंडा खुडला की झाडाला बाजूने फांद्या फुटतात, फांद्या वाढल्या की घाटे वाढतात. म्हणजे खुडणे हे पिकाचेच काम आणि भाजी ही त्या कामाची मजुरी. त्यातली चार मुठी भाजी त्याच दिवशी चुलीवर चढते. उरलेली जुन्या धोतरावर, घरातल्या सावलीत पसरतात. काही दिवसांत पाने कुरकुरीत होतात, हाताने चुरून गाडग्यात भरली जातात आणि गाडग्याच्या तोंडाला फडके बांधले जाते. मग आषाढात पावसाची झड लागते, बाजाराला जायची सोय नसते, तेव्हा ते फडके सुटते. मूठभर चुरा, लसणाची फोडणी, वरून थोडे डाळीचे पीठ. आणि पौषातल्या पानाचा आंबटपणा सहा महिन्यांनी जसाच्या तसा भाकरीवर येतो.

हे पुस्तक त्या गाडग्याविषयी आहे, आणि गाडग्याइतकेच त्या वावराविषयी.

घरगुती साठवण म्हटले की जगात बहुतेक ठिकाणी हिवाळ्याची तयारी डोळ्यांसमोर येते. काश्मीरमध्ये उन्हाळ्यात वांगी, टोमॅटो, दुधी चिरून वाळवतात. त्याला तिथे ‘होख स्यून’ म्हणतात आणि बर्फाने वाटा बंद झाल्या की घरे त्यावर चालतात. कोरियात थंडी पडण्याआधी शेजारपाजारचे लोक एकत्र येऊन किमची घालतात. ‘किमजांग’ नावाच्या या प्रथेला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे मात्र ऋतूंचे गणित उलटे आहे. वऱ्हाडात हिवाळा हा टंचाईचा काळ नसून सुगीचा आहे. तूर, ज्वारी, तीळ, मिरची, वांगी, मेथी, बोरे, आवळे, पुढे हरभरा आणि गहू, सगळे काही मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत दारात येते. भीती असते ती पावसाळ्याची. काळ्या मातीचा चिखल होतो, नाले भरून वाहतात, पेरणीत हातातला पैसा जातो, सरपण ओले असते आणि नवी भाजी यायला अजून अवकाश असतो. म्हणून इथला क्रम असा ठरला : हिवाळ्यात गोळा करायचे, उन्हाळ्यात वाळवायचे, पावसाळ्यात खायचे. या क्रमालाच आपल्या आज्या ‘बेगमी’ म्हणत.

या विषयाशी पहिल्यांदाच ओळख होत असलेल्या वाचकासाठी त्याच्या चार मोठ्या शाखा सांगतो. पहिली शाखा धान्य आणि कडधान्य राखण्याची. कणगी, कोठी, पेव, रांजण ही तिची साधने. कडुनिंबाचा पाला, राख, एरंडेल तेल ही तिची औषधे. ‘दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे’ ही तिची परीक्षा. आजचे शास्त्र सांगते की साठवणीच्या धान्यात ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा. दाताने घेतलेली परीक्षा त्याच मर्यादेची आहे. तुरीची डाळ करून ठेवणे हा या शाखेतला सर्वांत हुशार उपाय. कडधान्यातला भुंगा अख्ख्या दाण्याच्या सालीवर अंडी घालतो. दाणा भरडला, साल गेली, वर तेलाचा हात फिरला की त्याला घर उरत नाही. जात्यावर डाळ भरडणाऱ्या बाईला भुंग्याचे जीवनचक्र कोणी शिकवले नव्हते. डाळ टिकते आणि तूर पोखरली जाते, हे तिने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते.

दुसरी शाखा वाळवणाची. उन्हाळी कामे या नावाने ती सगळ्यांना ठाऊक आहे. कुरडया, पापड, शेवया, मुगाच्या वड्या, सांडगे, बाजरीच्या खारोड्या, ज्वारीचे बिबडे, गवारीच्या वाळलेल्या शेंगा, वांग्याच्या फोडी, आंबोशी हा सगळा तिचा संसार. यामागचे तत्त्व एकच. अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला मोकळे पाणी लागते. शास्त्रज्ञ हे मोकळे पाणी ० ते १ अशा मापात मोजतात आणि ०.६० च्या खाली काहीच वाढू शकत नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी असते, तेव्हा ही मर्यादा गाठायला इथल्या गच्चीला किंवा माळवदाला कुठलेही यंत्र लागत नाही. तिसरी शाखा मीठ, तेल, गूळ आणि साखर यांची : लोणची, मुरांबा, मोरावळा, गुळांबा. पाणी तिथेही असते, पण मीठ किंवा साखर ते धरून ठेवते आणि आंबटपणा वरून पहारा देतो. चौथी शाखा थंडीच्या खुराकाची. डिंक, मेथी, तीळ, खारीक आणि बिब्याच्या बीची गोडंबी हे त्यातले मुख्य जिन्नस. बिब्याचे तेल अंगावर उडाले तर कातडी भाजते, म्हणून गोडंबी काढणे हे जाणत्या हातांचेच काम. थंडीत लाडवातून पोटात जाणारी ती मूठभर गोडंबी कुणीतरी बोटे जपत, एकेक बी फोडत काढलेली असते.

या चारही शाखा महाराष्ट्रभर आहेत. कोकणात पावसाच्या तोंडावर सुकी मासळी, आमसुले, फणसाची साठे यांची ‘आगोट’ भरतात, तीही याच कुळातली. मग बुलडाण्यावर वेगळे पुस्तक कशासाठी? कारण या एका जिल्ह्यात साठवणीच्या चार परंपरा एकमेकींना खेटून नांदतात. इथला माणूस पहिल्या भेटीत विचारतो, ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा; हवा जरा थंड, मराठवाडा शेजारी. घाटाखाली पूर्णेचे खोरे, तापलेली काळी जमीन आणि शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतला खारपाणपट्टा. तिथे जमिनीखालचे पाणी खारे, त्यामुळे बारमाही भाजीपाला अवघड. पिके बहुतांशी पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर. अशा ठिकाणी वाळलेली हरभऱ्याची भाजी, मुगाच्या वड्या आणि डाळी ही चैन नसून जेवणाचा कणा असते. मलकापूर-मोताळ्याकडे खानदेशाचा वारा लागतो. तिथे बिबडे, कळण्याची भाकर आणि भरिताचे वांगे हे घरचे नातेवाईक. आणि उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, भिलाला, कोरकू, निहाल कुटुंबांच्या घरी मोहाची फुले, चारोळी आणि रानभाज्या वाळतात. शेताइतकेच जंगल हेही तिथे कोठार आहे. जिल्हा एक, पण घाट उतरला की डब्यातली वस्तू बदलते. तिचे नावही बदलते.

या परंपरेचा इतिहास सलग सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला भाव आला आणि वऱ्हाड हा कापसाचा मुलूख बनला. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, खामगावची कापूस बाजारपेठ देशभर गाजू लागली. पैसा आला, पण ज्या जमिनीत घरचे खाणे पिकत होते तिथे विकायचे पीक शिरले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडाला होरपळून काढले. पेव आणि कणग्या रिकाम्या असल्या की गाठीच्या पैशाने धान्य मिळतेच असे नाही, हे त्या पिढीला मोठी किंमत देऊन कळले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी आजही वयस्कांच्या बोलण्यात येते. त्या पिढीच्या बाया सुगी कितीही चांगली झाली तरी एक मडके शेवटपर्यंत उघडत नसत. त्याला कंजुषी म्हणणाऱ्यांनी तो काळ पाहिलेला नव्हता.

नंतरचा बदल दुष्काळासारखा डोळ्यांत भरणारा नव्हता, म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नाही. रेशन आले, किराणा आला, फ्रीज आला; हे सगळे चांगलेच झाले. पण त्याच काळात शिवारही बदलले. पूर्वी कपाशीच्या ओळींमध्ये तूर असे, मधूनमधून अंबाडी, चवळी, मूग, तीळ असत, बांधावर वाल आणि भोपळ्याचे वेल असत. गेल्या तीन दशकांत सोयाबीनने खरिपाच्या ज्वारीची जागा घेतली. सोयाबीनची पोती दारात येतात आणि दारातूनच बाजारात जातात. घरातल्या एकावर एक रचलेल्या मडक्यांच्या उतरंडीला त्यातले काही लागत नाही. ज्वारी गेली तेव्हा बिबडे गेले, कडबा गेला, कडब्यावर जगणारी जनावरे कमी झाली, जनावरांबरोबर कणगी सारवायचे शेणही गेले. तणनाशकाच्या एका फवाऱ्याने चिवळ, घोळ, पाथरी या फुकटच्या भाज्या वावरातून नाहीशा झाल्या. बायांना कंटाळा आला म्हणून वाळवण बंद पडले, असे आपण सहज म्हणतो. मला ते मान्य नाही. वावरात जे उगवत नाही, ते अंगणात वाळणार कसे? उतरंड म्हणजे घरात आणून ठेवलेले शिवार. शिवार एकपिकी झाले की उतरंड आपोआप रिकामी होते. हे पुस्तक वाचताना ही एकच गोष्ट लक्षात ठेवावी, अशी माझी वाचकाला विनंती आहे.

जिल्ह्यातल्याच एका प्रथेत हे नाते स्पष्ट दिसते. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगितली जाणारी ही मांडणी दुसऱ्या पहाटे वाचली जाते आणि पाऊसपाण्याची, पिकांची भाकिते वर्तवली जातात. भाकिते खरी ठरतात का, हा या पुस्तकाचा प्रश्न नाही. त्या वर्तुळात काय मांडलेले असते ते पाहावे. भोवती अठरा धान्ये, त्यांत अंबाडी, जवस, करडी, भादली, मसूरही आहेत. मध्ये पाण्याची घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, सांडोई, कुरडई. शेतातले बी आणि घरातले वाळवण एकाच रिंगणात ठेवणाऱ्यांना दोहोंचे नाते ठाऊक होते. आज त्या अठरांपैकी किती धान्ये त्याच गावांच्या शिवारात पेरली जातात, हा प्रश्न भाकितापेक्षा मोठा आहे.

मराठीत पाककलेवर लिखाण कमी झालेले नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी पोचवले. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. पण त्यांचा आरंभ बहुधा पदार्थापासून होतो. धान्य कुठल्या जमिनीतले, कुठल्या वाणाचे, कुठल्या महिन्यात काढलेले, हे त्यांच्या चौकटीत बसत नव्हते. वऱ्हाडातली खारोडी आणि वाळलेली हरभऱ्याची भाजी तर छापील पानावर क्वचितच आली. दुसऱ्या बाजूने शास्त्रीय काम झाले. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था १९५० पासून, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून या क्षेत्रात आहे, आणि जळगाव जामोदचे कृषी विज्ञान केंद्र तर जिल्ह्यातलेच. तिसरा प्रवाह बाजाराचा. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेल्या लिज्जतने पापड लाटण्याला मजुरीचा आणि मालकीचा मान दिला. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि ‘उमेद’ अभियान यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या बचत गटांनी तीच वाट गावात आणली. आज जत्रेत आणि प्रदर्शनात त्यांच्या कुरडया, शेवया, पापड विकायला असतात. गृहिणीची वही, प्रयोगशाळेचे टिपण आणि बचत गटाचा हिशेब या तीन गोष्टी आजवर वेगवेगळ्या फडताळांत पडून होत्या. त्या एकत्र वाचाव्यात, हा या पुस्तकाचा प्रयत्न आहे.

आजच हे का हवे? पाऊस बेभरवशाचा झाला आहे. वैशाखात, गच्चीभर कुरडया असताना, अवकाळी सरी येतात. फाल्गुनात गारा पडून हरभरा झोपतो. टोमॅटोचा भाव एका महिन्यात मातीमोल होतो आणि दुसऱ्या महिन्यात ताटातून टोमॅटोच गायब करतो. ज्या घरात वाळलेली भाजी आणि डाळ आहे, ते घर अशा महिन्यात बाजाराच्या दयेवर राहत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारी-बाजरीचे गुणगान झाले. पण ज्वारी परत यायची असेल तर तिचे बिबडे आणि पापड करणारे हात आणि खाणारी तोंडेही परत यायला हवीत. शिवाय ही जाणकारी बहुतांशी लिहिलेली नाही. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक किती घोटायचा, तो कुरडईच्या साच्यात घालण्याजोगा झाला हे कसे ओळखायचे, हे साठीच्या पुढच्या बायांच्या मनगटात आहे. त्यांच्यानंतर ते कुठे असेल?

तरीही या पुस्तकाने जुन्या काळाची नुसती आरती केलेली नाही, याचे मला विशेष समाधान आहे. चाळीस अंशांच्या उन्हात पाठ वाकवून केलेले हे काम बायांचे होते, त्याचा मोबदला शून्य होता आणि त्याचे श्रेय घराण्याच्या चवीला गेले. विटाळाच्या नावाखाली कितीतरी जणींना लोणच्याच्या बरणीपासून दूर ठेवले गेले. बुरशी ओल्या हाताने आणि ओल्या चमच्याने लागते, पाळीने नव्हे, हे इथे स्पष्ट लिहिले आहे. तशीच धोक्याची बाबही. बुरशी आलेले शेंगदाणे, मका किंवा मिरची वरवर पुसून वापरू नये. बुरशीचे विष तळल्याने जात नाही. धान्याला लावायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून प्राणघातक वायू निघतो. राहत्या घरात त्यांना जागा नाही. भाज्या तेलात किंवा पाण्यात बुडवून हवाबंद बाटलीत महिनोन्‌महिने ठेवणे ही आपली परंपरा नाही, आणि योग्य उष्णता व आंबटपणा यांच्याविना ते जिवावर बेतू शकते. पालेभाजी सावलीत वाळवण्याचा आग्रह मात्र शास्त्रानेही उचलून धरला आहे. उन्हाने नुसता रंग उडत नाही, त्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. पुस्तकात परंपरेचे जे टिकले ते ठेवले आहे, जे चुकले ते चूक म्हणून सांगितले आहे.

पुस्तकाची मांडणी महिन्यांप्रमाणे आहे, कारण साठवण करणारी बाई महिन्यांप्रमाणेच विचार करते. प्रत्येक पदार्थाआधी त्याचे पीक येते : कोणती जमीन, कोणता वाण, कधी पेरायचे, कधी काढायचे. मग कृती, मग ती का टिकते याचे कारण, आणि शेवटी घाटावर, घाटाखाली, खानदेशाच्या सीमेवर व सातपुड्यात ती कशी बदलते. सगळ्या जिल्ह्याची सगळी चव एका पुस्तकात मावणार नाही. ज्यांच्या घरचे काही सुटले असेल त्यांनी रागावण्याऐवजी ते लिहून पाठवावे. दुसरी आवृत्ती त्यांचीच असेल.

वाचकांना शेवटी एकच सांगणे. हे पुस्तक वाचून थेट गच्चीवर जाऊ नका, आधी वावरात जा. या खरिपात सोयाबीनच्या कडेला तुरीबरोबर अंबाडीची एक ओळ पेरा, बांधावर वालाचे चार वेल चढवा, हिवाळ्यात हरभऱ्याचा एक तुकडा तणनाशकाविना राखा. वावर नसेल तर ज्याचे आहे त्याच्याकडून त्या एका ओळीचा माल मागून घ्या आणि त्याला रास्त भाव द्या. मग पौषात घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत जुन्या बाईला सोबत घेऊन भाजी खुडा, सावलीत पसरा, आणि तिचे मूठ-चिमटीचे माप तिच्यासमोरच कागदावर उतरवा. गाडगे भरायला पाच-सहा दिवस पुरतात, ओळ मात्र मृगात पेरावी लागते.